दुष्काळी मुलखातली होडी

सोलापूरच्या माणसाला पाण्याविषयी विचारा, तो आकड्यांत बोलेल. उजनी किती टक्के भरली, मायनसमधून कधी बाहेर आली, कालव्याला आवर्तन कधी सुटणार, आपल्या पेठेत नळाला पाणी कितव्या दिवशी येणार, हे सारे त्याला तोंडपाठ असते. ज्या गावाचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर हे बाराव्या शतकात तळे खोदणारे संत म्हणून पूजले जातात, त्या गावाला पाण्याचा हिशेब ठेवण्याची सवय असावी, यात नवल नाही. पण पाण्यावर जाण्याची सवय मात्र आम्हाला नाही. अशा गावात कुणी आपल्या गच्चीवर शिडाची होडी बांधायला घेतली, तर लोक काय म्हणतील, हे वाचकांना सांगायला नको. 'समुद्र कधी येणार आहे म्हणे?' असे मला निदान पन्नास जणांनी विचारले असेल. 'शिडाला आपली सोलापुरी चादरच लावा, रंग जायचा नाही,' हा सल्लाही फुकट मिळाला.

समुद्र यायचा नव्हता, तो येऊन चुकला होता. १९८० साली उजनीचे धरण पूर्ण झाले आणि भीमेच्या खोऱ्यात एक नवा जलाशय पसरला. करमाळा, माढा, इंदापूर, दौंड, कर्जत अशा तालुक्यांच्या शिवारांत हे पाणी शिरले. गावे उठली, देवळे बुडाली. उन्हाळ्यात पाणी खूप खाली गेले, की पळसदेवचे जुने मंदिर अजूनही वर येते आणि माणसे ते पाहायला जातात. या जलाशयाची साठवण सुमारे ११७ टीएमसी. त्यातला जवळजवळ ६४ टीएमसी मृतसाठा आहे. म्हणूनच 'धरण मायनसमध्ये गेले' असे आपण म्हणतो, तेव्हाही तिथे अफाट पाणी असते. यशवंतसागर असे त्याचे नाव. नावात सागर आहे, पण काठावरच्या आणि शहरातल्या आपण सगळ्यांनी त्याला टाकीच मानले.

होडीचे वेड मला एका वर्तमानपत्राच्या गोष्टीमुळे लागले. १९६२ साली इंग्लंडच्या 'डेली मिरर' या दैनिकाने सामान्य माणसाला घरी बांधता येईल अशी एक छोटी शिडाची होडी तयार करवून घेतली. जॅक होल्ट हा होड्यांचा नामवंत रचनाकार आणि बॅरी बकनेल हा दूरदर्शनवर घरदुरुस्तीचे धडे देणारा गृहस्थ, या दोघांनी मिळून ती रचली. लांबी अकरा फुटांच्या आत, वजन एका पोत्याएवढे. दैनिकाचा रंग लाल, म्हणून शिडेही लाल. त्याआधी १९५६ साली याच होल्टने 'न्यूज क्रॉनिकल' या दैनिकासाठी 'एंटरप्राइज' नावाची होडी काढली होती. तिची शिडे निळी. 'मिरर' होडीच्या सत्तर हजारांवर प्रती जगभर झाल्या. शिक्षक, कारकून, गिरणीकामगार अशा लोकांनी त्या आपल्या गॅरेजमध्ये, परसात बांधल्या. शिडाची होडी ही लक्षाधीशांची चैन, ही समजूत तिथे मोडली ती अशी.

तिची युक्ती इतकी साधी आहे, की शिलाई येणाऱ्या कुणालाही ती कळावी. होडी म्हणजे सांगाडा आणि त्यावर फळ्या, हा जुना कोकणी रिवाज. त्याला पिढ्यान्‌पिढ्यांचे कसबी सुतार लागतात. इथे सांगाडा नसतो. पातळ प्लायवूडचे तुकडे कागदी नमुन्याप्रमाणे कापायचे. कडेला बारीक भोके पाडायची. मग त्या भोकांतून तांब्याची तार ओवून तुकडे एकमेकांना शिवायचे. शिवता शिवता सपाट प्लायला बाक येतो आणि डोळ्यांदेखत होडीचा आकार उभा राहतो. सांध्यांवर आतून-बाहेरून काचेच्या कापडाची पट्टी रेझिनमध्ये भिजवून बसवली, की झाला सांधा पक्का.

मीही तेच केले. पाण्यात उकळून पारखलेले, 'आयएस ७१०' शिक्क्याचे सहा मिलिमीटरचे प्लाय आणले. करवत, गिरमिट, रंधा आणि चार-दोन शिकंजे एवढ्यावर काम भागले. मोहल्ल्यातले सुतार मामा पहिले आठ दिवस नुसते येऊन बघत असत. नवव्या दिवशी त्यांनी माझ्या हातातून रंधा काढून घेतला. 'सर, लाकडाचा रेघ बघून रंधा मारायचा असतो,' म्हणाले. डोलकाठी, वल्ही आणि सुकाणू यांवर त्यांचाच हात फिरला आहे.

शिडासाठी मी पूर्व भागातल्या एका शिंप्याकडे गेलो. शीड म्हणजे ताणून बांधलेले फडके नव्हे. त्याला पोट असावे लागते, नाही तर वारा त्यावरून निसटतो. हे समजवायला मी कागदावर रेघोट्या ओढू लागलो, तर अण्णा हसले. 'ब्लाउजला टक्स घालतो, तसंच की!' अगदी तसेच. सपाट कापडाला गोलाई द्यायची, तर ठरावीक जागी चुणी घालावी लागते, हे ज्ञान या गावात घरोघरी आहे. ज्या शहराने साऱ्या देशाला पांघरूण पुरवले, त्याला एका होडीचे शीड काही जड नव्हते.

होडी एका टेम्पोत घालून पुणे रस्त्याने टेंभुर्णीच्या पुढे जलाशयाकाठी नेली. शहरालगतचा हिप्परग्याचा तलाव जवळ होता, पण उन्हाळ्यात त्याचे पाणी फार आटते. हौशी वाचकांसाठी इथेच सांगून ठेवतो, की जलाशय जलसंपदा खात्याच्या ताब्यात असतात. तिथल्या कार्यालयाला विचारल्याशिवाय होडी उतरवू नये. अंतर्गत पाण्यातल्या नावांसाठी २०२१चा नवा कायदाही आहे, त्याने १९१७च्या जुन्या कायद्याची जागा घेतली. त्यात बिनइंजिनाच्या होड्यांचाही विचार केलेला आहे.

शिडाची होडी वाऱ्याच्या दिशेने जाते, हे कुणालाही पटते. ती वाऱ्याच्या विरुद्धही जाते, हे मात्र पाहिल्याशिवाय पटत नाही. ओला चिंचोका चिमटीत दाबला, की तो बोटांच्या दिशेने न जाता पुढे सटकतो. शिडावरचा वारा होडीला बाजूला ढकलतो; पोटातून पाण्यात उतरवलेली उभी फळी तिला बाजूला सरकू देत नाही. या दोहोंच्या चिमटीत होडी पुढे सटकते. अगदी वाऱ्याच्या तोंडावर मात्र ती जाऊ शकत नाही. सुमारे पंचेचाळीस अंशांचा कोन ठेवून, एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे अशी नागमोडी वाट काढावी लागते. घाटातला रस्ता चढतो, तशी.

आणि हे करताना माणूस जन्मात पहिल्यांदा वाऱ्याकडे लक्ष देऊ लागतो. पाण्यावर काळसर सुरकुती सरकत येताना दिसली, की झोत येतो आहे. लाटांच्या माथ्यावर इथे-तिथे पांढरा फेस दिसू लागला, तर वारा ताशी पंधरा किलोमीटरच्या आसपास. फेस सगळीकडे दिसू लागला, तर नवख्याने काठ गाठावा. चैत्र-वैशाखात दुपारनंतर क्षितिजावर ढग काळवंडले, धुळीची भिंत दिसली, तर वळवाच्या आधीचा वारा काही मिनिटांत येणार. तिथले भोई हे जाणतात. त्यांतल्या एका वृद्ध मामांनी मला पहिल्याच दिवशी बजावले होते, 'सकाळचं पाणी आपलं, दुपारचं त्याचं.' 'त्याचं' म्हणजे कुणाचं, हे त्यांनी सांगितले नाही. मीही विचारले नाही.

२१ मे २०२४ची संध्याकाळ आपल्या जिल्ह्यात कुणी विसरले नसेल. करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उजनीत बुडाली. सहा जण गेले, त्यांत लहान मुले होती. एक जण पोहत काठाला लागला. त्या उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये खूप खोल गेले होते. 'पाणीच नाही' असे आपण शहरात म्हणत होतो, त्याच पाण्याने सहा जीव घेतले. मायनस हा शब्द कालव्यासाठी खरा आहे. बुडणाऱ्या माणसासाठी नाही.

या काठावरून त्या काठावर जायला रस्त्याने मोठा वळसा पडतो, म्हणून माणसे बोटीने जातात. पूल झाला, तर प्रश्न सुटेल असे म्हणतात, आणि पूल व्हायलाच हवा. पण मासेमारी थांबणार नाही, पोरे पाण्यात उतरायची थांबणार नाहीत. चाळीसहून अधिक वर्षे एवढे पाणी उशाशी घेऊन झोपणाऱ्या जिल्ह्यात किती शाळांतून पोहणे शिकवले जाते? बोटीत पाय टाकण्याआधी अंगावर जॅकेट चढवायचे आणि आभाळ पाहायचे, हे किती घरांत सांगितले जाते? कोकणातल्या मच्छीमाराच्या पोराला हे ज्ञान बापाकडून मिळते. उजनीच्या काठचा शेतकरी मात्र पिढीजात जमिनीचा माणूस. धरणाने त्याला पाणी दिले, त्याची विद्या दिली नाही.

ही विद्या द्यायला छोट्या होडीसारखा स्वस्त मास्तर नाही. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये १९४७ साली क्लार्क मिल्स या होडीबांधणाऱ्याने खास मुलांसाठी एक होडी रचली, 'ऑप्टिमिस्ट'. आठ बाय चारच्या दोन प्लायवूडमध्ये ती बसावी, असे त्याचे गणित होते. लांबी जेमतेम पावणेआठ फूट, पुढचे तोंड चक्क पेटीसारखे चौकोनी. आज जगभरची मुले शिडाचा पहिला धडा तिच्यातच गिरवतात. समुद्र लागतोच असेही नाही. आपल्या शेजारच्या हैदराबादेत हुसेनसागरावर गरीब घरांतल्या, सरकारी शाळांतल्या मुलांना शिडाच्या होड्या शिकवल्या जातात. मध्य प्रदेशाला तर समुद्राचा वारासुद्धा लागत नाही. पण देवास जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याची मुलगी नेहा ठाकूर भोपाळच्या तलावावर शिकली आणि २०२३च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत एकटीच्या होडीत रौप्यपदक जिंकून आली. भोपाळच्या तळ्यात जे जमते, ते उजनीत जमू नये?

मराठी मुलखाला हे परके नाही. १९८२च्या आशियाई स्पर्धेतल्या शिडाच्या शर्यती मुंबईत झाल्या आणि फारूख तारापोर व झरीर करंजिया यांनी तिथे सुवर्णपदक घेतले. २००९-१० साली नौदलाच्या दिलीप दोंदे यांनी 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. ती नौका गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात लाकडाच्या पट्ट्या आणि काचतंतू यांनी बांधली गेली. माझ्या गच्चीवरच्या होडीची आणि म्हादेईची बरोबरी नाही. पण लाकूड, काचेचे कापड आणि रेझिन यांचे गोत्र एकच.

माझी होडी आता तीन हंगाम जुनी आहे. तिच्यामुळे घरातल्या बोलण्यात फरक पडला आहे. उजनीचा आकडा पेपरात आला, की पूर्वी आम्ही नळाचा विचार करीत असू. आता मुले विचारतात, की आपण नेहमी उतरतो तो काठ पाण्याखाली गेला की उघडा पडला? पाणी पुरते की नाही, एवढेच न पाहता ते कसे आहे, हेही ती पाहू लागली आहेत. आमच्या घरात एकच नियम आहे, त्याला पाहुणाही अपवाद नाही. जॅकेटचे तिन्ही बंद लागल्याशिवाय काठावरून पाय उचलायचा नाही, गुडघाभर पाण्यात असलो तरी नाही.

काठावरच्या एखाद्या शाळेने, एखाद्या साखर कारखान्याने किंवा मच्छीमार सोसायटीने मनावर घेतले, तर चार होड्या, वीस जॅकेटे आणि पोहणे शिकवणारा एक माणूस एवढ्यावर सुरुवात होईल. सुतार आपल्याकडे आहेत, शिंपी तर आहेतच. पावसाळा संपून धरण भरलेले असते आणि वारा शहाणा असतो, ते दिवाळीच्या सुट्टीचे दिवस यासाठी उत्तम. वैशाखातला वारा यायच्या आत मुलांना तो ओळखता यायला हवा.