मोत्याला जमतं, आपल्याला नाही!

दारातल्या मोत्याला तुम्ही कधी पेरू खाताना पाहिलंय? तो भाकरीचा तुकडा खातो, दूध पितो, एखादं हाड मिळालं तर तासभर चघळत बसतो. आयुष्यात एकदाही संत्रं-मोसंबं न चाखता त्याच्या हिरड्या घट्ट राहतात, पायाला लागलं तर जखम भरून येते आणि तो पुन्हा शेपटी हलवत हजर होतो. माऊचंही तसंच. गोठ्यातली गाय, शेळी, अगदी कणगीमागचा उंदीरसुद्धा संत्र्यावाचून खुशाल जगतो.

याचं गुपित त्यांच्या पोटात आहे. हे सगळे प्राणी आपल्याला लागणारं 'क' जीवनसत्त्व स्वतःच तयार करतात. त्यांच्या यकृतात हा कारखाना चोवीस तास चालू असतो आणि त्याला कच्चा माल लागतो तो फक्त साखरेचा, म्हणजे ग्लुकोजचा. साखर आत, एकामागून एक पायऱ्या, आणि शेवटी 'क' जीवनसत्त्व बाहेर!

आणि आपण? आपल्याला हे मुळीच येत नाही. गंमत म्हणजे हा कारखाना आपल्याकडेही होता. साखरेपासून 'क' जीवनसत्त्व बनवण्याच्या कामातली फक्त शेवटची पायरी आपल्यात मोडलेली आहे. त्या पायरीची कृती ज्या जनुकात लिहिलेली असते, ते जनुक आजही तुमच्या-माझ्या प्रत्येक पेशीत आहे, पण बिघडलेल्या अवस्थेत. हा बिघाड काही कोटी वर्षांपूर्वी, माणूस जन्मायच्या कितीतरी आधी, आपल्या झाडावरच्या पूर्वजांमध्ये झाला. त्यांचं काहीच अडलं नाही, कारण ते दिवसभर फळं आणि कोवळा पालाच खात होते. म्हणूनच माकडं आणि वानरंही आपल्याच पंगतीत बसतात. त्यांनाही हे जीवनसत्त्व खाऊनच मिळवावं लागतं.

फळं संपली आणि…

पण माणूस झाडावरून उतरला, शेती करू लागला आणि पुढे मोठमोठी जहाजं घेऊन समुद्रावरही निघाला. जहाजावर महिनोन्‌महिने टिकेल असंच अन्न न्यावं लागे. सुकवलेली बिस्किटं, खारवलेलं मांस, कडधान्यं. पोट भरायचं, पण ताजं असं काही नसायचं.

ऑक्टोबर 1498. वास्को द गामाची जहाजं अंजदीव बेटाजवळून परतीला निघाली. हे बेट कारवारच्या किनाऱ्यासमोर आहे आणि आज ते गोव्यात मोडतं. येताना पावसाळी वाऱ्यांनी त्यांना आफ्रिकेहून महिन्याच्या आत भारतात आणून सोडलं होतं. जाताना मात्र वारा उलटा, नाहीतर अगदीच पडलेला. तोच अरबी समुद्र ओलांडायला जवळजवळ तीन महिने लागले.

आणि नेमके हेच तीन महिने घातक ठरले. आपल्या शरीरात 'क' जीवनसत्त्वाचा साठा थोडासाच असतो. खाण्यातून ते येणं थांबलं, की साधारण एक ते तीन महिन्यांत तो साठा संपतो. खलाशांच्या हिरड्या इतक्या सुजल्या, की त्यांना घास चावता येईना. पाय सुजले, अंगावर डाग उठले. त्या तीन महिन्यांत तीस माणसं दगावली. प्रत्येक जहाजावर काम करण्याजोगे जेमतेम सात-आठ जण उरले. जानेवारी 1499 मध्ये जहाजं आफ्रिकेतल्या मालिंदी बंदरात पोचली, तेव्हा आजारी खलाशांना सगळ्यात जास्त ओढ लागली होती ती संत्र्यांची! या रोगाचं नाव स्कर्व्ही.

बारा रोगी, सहा जोड्या

संत्र्यानं बरं वाटतं हे काही खलाशांना ठाऊक होतं. पण कुणी म्हणे व्हिनेगर प्या, कुणी म्हणे समुद्राचं पाणी प्या. खरं औषध कोणतं, हे ठरवायचं कसं?

1747 मध्ये 'सॉल्सबरी' नावाच्या ब्रिटिश जहाजावर जेम्स लिंड नावाचा डॉक्टर होता. त्यानं स्कर्व्हीचे बारा रोगी निवडले, शक्य तितके एकसारखे आजारी. त्यांना एकाच जागी ठेवलं आणि सगळ्यांना जेवणही एकच दिलं. मग दोघादोघांच्या सहा जोड्या केल्या. एका जोडीला सफरचंदाची आंबवलेली सायडर, दुसरीला सौम्य केलेल्या गंधकाम्लाचे थेंब, तिसरीला व्हिनेगर, चौथीला समुद्राचं पाणी, पाचवीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू, आणि सहावीला लसूण-मोहरी वगैरे वाटून केलेलं चाटण.

सहा दिवसांत जहाजावरची संत्री-लिंबं संपली. पण तेवढ्यातच निकाल लागला होता. पाचव्या जोडीतला एक जण कामावर रुजू झाला आणि दुसरा इतका सुधारला, की बाकीच्या रोग्यांची शुश्रूषा करायला त्यालाच नेमलं! सायडरवाल्यांना थोडासा फरक पडला. बाकीचे होते तसेच राहिले.

एवढा स्वच्छ पुरावा हाती असूनही ब्रिटिश आरमारात लिंबाचा रस सरसकट द्यायला 1795 साल उजाडलं. लिंड त्याच्या आदल्याच वर्षी वारला होता. आणखी एक गोष्ट आडवी आली. रस टिकावा म्हणून तो आटवून घट्ट काकवीसारखा करायची कृती लिंडनंच सुचवली होती. पण उष्णता आणि हवा लागली, की 'क' जीवनसत्त्व मोडून जातं. बाटलीत रस उरला, त्यातला गुण मात्र बराचसा उडून गेला. ताज्या फळाचं मोल इथं कळतं.

तीन पेडांची वेणी

एका लहानशा जीवनसत्त्वावाचून हिरड्या, पाय, कातडी, सगळंच का ढासळावं?

आपल्या शरीरात कोलॅजेन नावाचं एक प्रथिन आहे. कातडी, हिरड्या, रक्तवाहिन्यांच्या भिंती, हाडं, सांधे, सगळं त्यानं बांधून धरलेलं असतं. शरीरात सगळ्यात जास्त असलेलं प्रथिन हेच. त्याचे तीन लांब धागे एकमेकांभोवती वळलेले असतात, अगदी तीन पेडांच्या वेणीसारखे. ही वेणी घट्ट बसावी म्हणून धाग्यांवर जागोजागी छोटे रासायनिक गट जोडावे लागतात. ते काम करणाऱ्या विकरांना कामाजोगं ठेवतं 'क' जीवनसत्त्व. ते नसेल तर वेणी सैल पडते. मग हिरड्यांतून रक्त येतं, दात हलतात, बारीक रक्तवाहिन्या फुटून कातडीवर डाग पडतात.

आता एक विलक्षण हकीकत ऐका. 1740 मध्ये इंग्लंडहून कमोडोर ॲन्सनची जहाजं जगप्रवासाला निघाली. त्यात एक म्हातारा सैनिक होता. पन्नास वर्षांपूर्वी एका लढाईत झालेल्या त्याच्या जखमा केव्हाच भरून आल्या होत्या. समुद्रात त्याला स्कर्व्ही झाला आणि त्या पन्नास वर्षांपूर्वीच्या जखमा पुन्हा उघडल्या! यावरून काय समजायचं? जखम भरली म्हणजे कायमची शिवली गेली, असं नसतं. तिथली वेणी शरीर रोज थोडी उसवतं आणि रोज नव्यानं विणतं. लहानपणी सायकलवरून पडून तुमच्या गुडघ्यावर उठलेला व्रणसुद्धा आज, आत्ता, दुरुस्त होतो आहे. त्या दुरुस्तीला लागणारा माल रोजच्या ताटातून येतो.

मिरचीतून नोबेल

रोग कळला, औषध कळलं. पण लिंबात नेमकं असतं काय? हे कळायला विसावं शतक उजाडलं. अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी नावाच्या हंगेरीच्या शास्त्रज्ञानं हा पदार्थ वेगळा काढला होता, पण इतका थोडा की पुरेसे प्रयोगही करता येईनात. तो राहायचा सेगेड गावात. हे गाव लाल मिरचीसाठी, पाप्रिकासाठी प्रसिद्ध. एका रात्री त्याच्या ताटात पाप्रिका आली. ती खायची त्याला इच्छा नव्हती, म्हणून त्यानं ती सरळ प्रयोगशाळेत नेली. मध्यरात्रीपर्यंत त्याला कळलं, की ही मिरची म्हणजे 'क' जीवनसत्त्वाची खाण आहे! मग काही आठवड्यांतच हे जीवनसत्त्व किलोच्या मापात हाती आलं. 1937 मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळालं.

तेव्हा आंबट तेवढंच 'क' जीवनसत्त्ववालं, असं समजू नका. शंभर ग्रॅम संत्र्यात ते साधारण 50 मिलिग्रॅम असतं, तर तेवढ्याच पेरूत 200 मिलिग्रॅमच्याही वर. मोठ्या माणसाची दिवसाची गरज साधारण 65 ते 80 मिलिग्रॅमची. म्हणजे एक मध्यम पेरू खाल्लात, की त्या दिवसाची चिंता मिटली. आवळा, कोकणातली नि गोव्यातली काजूची बोंडं, ढोबळी मिरची, कोथिंबीर, शेवग्याचा पाला, हे सगळे याच यादीतले.

आणि या यादीत एक नाव असं आहे, की जे ऐकून तुम्ही चकित व्हाल. मोड आलेली मटकी! कोरड्या मटकीत हे जीवनसत्त्व जवळजवळ नसतंच. पण ती रात्रभर भिजत घाला, फडक्यात बांधून ठेवा. दाणा जागा होतो, पांढरा शुभ्र मोड बाहेर डोकावतो आणि त्या दाण्यात 'क' जीवनसत्त्व नव्यानं तयार होऊ लागतं. 1919 मध्ये हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकारी डेल्फ यांनी मोड आलेल्या कडधान्यांचा हा गुण प्रयोगानं दाखवून दिला. ज्या प्रवाशांच्या गोणीत कडधान्य होतं, त्यांच्याजवळ स्कर्व्हीवरचा उपाय होता. फक्त पाणी घालून ते जागं करायचं होतं.

स्वयंपाकघरात काय करायचं?

'क' जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं आणि उष्णतेनं मोडतं. म्हणून भाजी आधी धुवावी, मग चिरावी. चिरून पाण्यात टाकून ठेवली, तर गुण पाण्यात उतरतो आणि ते पाणी आपण मोरीत ओततो. भाजी झाकण ठेवून, थोड्या पाण्यात, लागेल तेवढाच वेळ शिजवावी. रोजच्या जेवणात काहीतरी कच्चं असावं, म्हणजे काकडी-टोमॅटोची कोशिंबीर, मुळ्याची चकती किंवा वर पेरलेली कोथिंबीर.

आणि पोह्यांवर लिंबू जरूर पिळा. धान्य, डाळी आणि पालेभाज्यांतलं लोह आपलं आतडं सहजासहजी शोषून घेत नाही. त्याच घासाबरोबर 'क' जीवनसत्त्व गेलं, तर ते लोहाचं रूप पालटतं आणि आतड्याला ते उचलायला सोपं जातं. लोह म्हणजे रक्त तयार करायचा माल. लिंबाची फोड चवीच्या पलीकडचं काम करते, ते असं. मात्र लिंबू वाढताना पिळायचं, कढईत शिजवायचं नाही.

करून पाहा

घरातल्या मोठ्यांना बरोबर घ्या. अर्धा पेला पाण्यात चमचाभर भाताची निवळ पेज घाला. जखमेवर लावायच्या आयोडीनच्या औषधाचे एक-दोन थेंब त्यात टाका. पाणी गर्द निळं-काळं होईल. आता ड्रॉपरनं लिंबाचा ताजा रस एकेक थेंब टाकत ढवळत राहा. थेंबाथेंबानं रंग फिका पडतो आणि शेवटी पाणी पुन्हा जवळजवळ नितळ! 'क' जीवनसत्त्वानं आयोडीनचं रूप पालटलं. लोहावर ते जी किमया करतं, तीच इथं तुमच्या डोळ्यांसमोर घडली. (हा पेला तोंडाला लावायचा नाही. प्रयोग झाल्यावर ओतून हात धुवायचे.)

जितके कमी थेंब लागतील, तितकं 'क' जीवनसत्त्व जास्त. मग कुस्करून गाळलेला पेरू घेऊन पाहा. ढोबळी मिरचीचा रस घ्या. कालपासून उघडा ठेवलेला लिंबाचा रस घ्या. उकळून गार केलेला रस घ्या, पण आटलं तेवढं पाणी परत घालून तो मूळ मापावर आणा. पाणी, पेज, आयोडीन दर वेळी अगदी तेवढंच ठेवायचं आणि बदलायचा तो फक्त रस. सगळ्यांना एकच जेवण देऊन फक्त औषध बदलणाऱ्या लिंडचा नियम हाच होता. वहीत तक्ता करा आणि थेंब मोजून तुमच्या घरातला पहिला नंबर कुणाचा, ते तुम्हीच ठरवा.