ओढा ओळखीचा, पाणी अनोळखी

वरवंड परिसरात पावसाची चर्चा होते ती बहुधा तो आला नाही म्हणून. पण १४ ऑक्टोबर २०२० च्या रात्री बंगालच्या उपसागरावरून सरकत आलेल्या कमी दाबाच्या क्षेत्रामुळे इथे धो धो पाऊस कोसळला. त्या रात्री दौंड तालुक्यातल्याच खानोट्याजवळ ओढा ओलांडताना दुचाकींवरचे चार जण वाहून गेले. ओढ्याचं पाणी कसं वागतं, हे म्हणूनच आपण नीट समजून घ्यायला हवं.

गैरसमज : आपला भाग दुष्काळी, इथे कसला पूर?
वस्तुस्थिती : ओढ्याचा पूर वर्षाच्या सरासरीवर नाही, काही तासांच्या पावसावर ठरतो. दहा चौरस किलोमीटर पाणलोटावर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे १०० कोटी लिटर पाणी. काळी जमीन भिजून फुगली की भेगा मिटतात, पाणी मुरत नाही आणि ओढ्याकडे धावतं. परतीच्या पावसात हा धोका मोठा असतो.

गैरसमज : पूर येणार असेल तर आधी कळेलच.
वस्तुस्थिती : भीमेच्या पुराचं तसं असतं. खडकवासला धरणाच्या विसर्गाचे क्युसेक जाहीर होतात, पाणी खाली यायला वेळ लागतो. ओढ्याला ना धरण, ना भोंगा. जोराचा पाऊस झाला की सहा तासांच्या आत, कधी तासाभरातही लोंढा येतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याने हेच दाखवलं.

गैरसमज : इथे पाऊस थांबला, आता भीती नाही.
वस्तुस्थिती : वरच्या अंगाला काय पडलं, ते महत्त्वाचं. पाणी एकदम गढूळ झालं, काटक्या-पाचट वाहून येऊ लागलं, घरघर ऐकू आली, तर लगेच काठ सोडा.

गैरसमज : गुडघाभर पाण्यातून गाडी सहज निघते.
वस्तुस्थिती : वेगाने वाहणारं १५ सेंटिमीटर पाणीही माणसाचा तोल घालवतं. ३० सेंटिमीटरमध्ये लहान मोटार सरकू लागते, ६० सेंटिमीटरमध्ये बहुतेक गाड्या वाहतात. फरशी पुलाची कड किंवा खचलेला भराव गढूळ पाण्याखाली दिसत नाही.

गैरसमज : मला पोहता येतं.
वस्तुस्थिती : लोंढ्यात झाडं, तारा, दगड असतात. बुडणाऱ्यासाठी उडी घेऊ नका. काठावरून दोर किंवा हवा भरलेली ट्यूब फेका आणि ११२ वर फोन करा.

हवामान खात्याने नारिंगी किंवा लाल इशारा दिला, तर ओढ्यातली मोटर उजेड असतानाच काढा. अंधारात तिच्यासाठी खाली उतरू नका. काठच्या गोठ्यातली जनावरं वेळीच उंचावर न्या. पाणी शिरू लागलं आणि हात लावणं सुरक्षित असेल, तर विजेचं मेन स्विच बंद करा.

आणि घरचं माणूस पलीकडे अडकलं असेल, तर फोनवर ‘लवकर ये’ म्हणू नका. ‘तिकडेच थांब, सकाळी ये’ म्हणा. ओढ्याचं पाणी बहुधा काही तासांत उतरतं.