बारसूचा सडा, मोबाइलच्या पडद्यावर

एप्रिल २०२३. राजापूर तालुक्यातल्या बारसूच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झाले. जमावबंदी असतानाही बायाबापड्या भर उन्हात पोलिसांच्या गाड्यांपुढे रस्त्यावर आडव्या झाल्या. २८ एप्रिलला अश्रुधूर सोडला गेला. ही दृश्ये मोबाइलवरून मुंबईतल्या चाकरमान्यांपर्यंत पोहोचली आणि सड्यावरचा प्रश्न राज्याचा झाला. मोबाइलचे हे मोल मोठेच. पण त्याआधी नाणारच्या रिफायनरीसाठीची भूसंपादन अधिसूचना मार्च २०१९मध्ये रद्द झाली होती. त्यामागे गावोगावच्या सभा आणि मोर्चे होते.

व्हॉट्सॲपवरचा संताप सरकारदरबारी नोंदला जात नाही, ग्रामसभेचा ठराव मात्र इतिवृत्तात कायम राहतो. वर्षाला किमान चार ग्रामसभा बंधनकारक आहेत. गावच्या मतदारयादीत नाव असेल, तर पुढच्या ग्रामसभेला जरूर या.