शाळेचे खेळ आणि गॅदरिंग : चौकशी जानेवारीत नाही, जूनमध्येच करा

जानेवारी जवळ आला की गावोगावच्या हायस्कूलमध्ये मंडप पडतो, साऊंड लागतो आणि गॅदरिंगची धामधूम सुरू होते. त्याच्या मागेपुढे मैदानावर फक्कीच्या रेघा मारून कबड्डी, खो-खो, रस्सीखेच होते. बहुतेक पालकांना शाळेतले खेळ आणि नाच दिसतात ते एवढेच आठ-दहा दिवस. पण ज्या स्पर्धांमुळे दहावी-बारावीला वाढीव गुण मिळू शकतात, त्यांची नावनोंदणी तोवर कधीच होऊन गेलेली असते. मग पोरगी चांगली खेळते हे सगळ्या गावाला माहीत असतं, पण कागदावर तिचं नावच नसतं.

खेळ दोन प्रकारचे

पहिला प्रकार शाळेच्या आतला. वर्गावर्गात किंवा लाल, निळा, पिवळा, हिरवा असे गट पाडून सामने होतात. यात कोणालाही उतरता येतं. बक्षीस म्हणून वही, कंपास किंवा शाळेचं प्रमाणपत्र मिळतं. मात्र या प्रमाणपत्रावर बोर्डाचे गुण मिळत नाहीत.

दुसरा प्रकार म्हणजे शासनाच्या शालेय क्रीडा स्पर्धा. क्रीडा व युवक सेवा संचालनालयातर्फे त्या होतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढत संघ पुढे जातो आणि त्यापुढे राष्ट्रीय स्पर्धा असते. या स्पर्धांसाठी शाळेला खेळाडूंची नावं ऑनलाइन भरावी लागतात. मुदत गेली की संघ कितीही तगडा असला तरी मैदानात उतरता येत नाही.

या दोन्हींचा एकमेकांशी थेट संबंध आहे. कबड्डीच्या संघात 12 जण, त्यातले मैदानात 7. शाळेत तीन-चारशे मुलं असली तरी तालुक्याला जाणार एवढीच. ही 12 मुलं निवडायची कशी? वर्गावर्गाचे सामने जुलैमध्ये झाले तर कोण पळतं, कोण पकड करतं हे सरांना दिसतं. तेच सामने जानेवारीत घेतले तर संघात मागच्या वर्षीचीच नावं जातात.

वयाचा हिशेब नीट बघा

स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील अशा तीन गटांत होतात. मुलं-मुली वेगळे. वय बघितलं जातं ते 31 डिसेंबरला किती आहे त्यावर. म्हणजे 2025-26 या वर्षात 14 वर्षांखालील गटासाठी जन्म 1 जानेवारी 2012 किंवा त्यानंतरचा हवा. 17 खालील गटासाठी 1 जानेवारी 2009 आणि 19 खालील गटासाठी 1 जानेवारी 2007.

घोळ होतो तो इथेच. आधारवर एक जन्मतारीख, शाळेच्या रजिस्टरला दुसरी. ऐन सामन्याच्या दिवशी कागद तपासताना हे निघालं की खेळाडू बाहेर बसतो. दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून तारखा आधीच जुळवून घ्याव्यात.

गुण कशाला, कशाला नाही

दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण स्पर्धेच्या पातळीनुसार मिळतात. पायरी जितकी वरची तितके गुण जास्त. ते आपोआप येत नाहीत. शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात प्रस्ताव जातो, छाननी होते आणि मग तो बोर्डाकडे पोहोचतो. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. पण त्यासाठी वरच्या पातळीवरचं यश लागतं आणि प्रमाणपत्राची पडताळणी होते. पैसे देऊन प्रमाणपत्र आणून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नये. ते खोटं निघालं तर नोकरीही जाते आणि गुन्हाही दाखल होतो.

नाचाचं काय? गॅदरिंगमधल्या नाचाला गुण नाहीत. मात्र शास्त्रीय नृत्य, गायन, वादन, लोककला आणि चित्रकला यांसाठी दहावीला वेगळे वाढीव गुण आहेत. त्यालाही ठरलेली प्रमाणपत्रं लागतात. घरात गोंधळ, भारूड किंवा पोवाड्याची परंपरा असेल तर शाळेत हे जरूर विचारावं.

शेवटची एसटी आणि पोरींचा खेळ

वाडी-वस्तीवरच्या मुलींची खरी अडचण वेगळीच आहे. एसटीचा पास मोफत मिळतो, पण सराव शाळा सुटल्यावर असतो आणि शेवटची गाडी तेव्हाच निघते. मग पोरगी सराव सोडते. पोरगी चांगली खेळते हे घरच्यांना कळतही नाही.

म्हणून शाळेच्या वेळात होणारा खेळ महत्त्वाचा. वेळापत्रकात पी.टी.चा तास असतो, पण नववी-दहावीत तो बऱ्याचदा गणित-इंग्रजीला दिला जातो. लांबून येणाऱ्या मुलीसाठी हा तास म्हणजेच मैदान. तो गेला की तिचा खेळ संपला.

गॅदरिंगचा खर्च

गॅदरिंगमध्ये अडतं ते पैशावर. कोळीगीत किंवा लावणी बसवली की भाड्याचा ड्रेस, दागिने, मेकअप आला. ज्याला जमत नाही ते पोर "मला नाचायचंच नाही" असं घरी सांगतं. लेझीम, शेतकरी नृत्य, देशभक्तीचं गाणं अशा नाचांना घरातली साडी, धोतर, फेटा चालतो. खर्चही नाही आणि स्टेजवर पोरंही जास्त येतात. हे पालक सभेत बोलायला काहीच हरकत नाही.

पालकांनी शाळेत एवढं विचारावं

- यंदा शाळा कोणत्या खेळांत संघ उतरवणार आहे, आणि निवड कधी?
- ऑनलाइन नोंदणी झाली का? यादीत आपल्या मुलाचं नाव आणि जन्मतारीख बरोबर आहे का?
- पी.टी.चा तास प्रत्यक्षात होतो का?
- वर्गावर्गाचे सामने पहिल्या सत्रात घेता येतील का?
- दहावी-बारावीत असेल तर वाढीव गुणांच्या प्रस्तावाची शेवटची तारीख कोणती?

मिळालेलं प्रत्येक प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवावं, मोबाईलवर फोटोही काढून ठेवावा. आणि मुलगा-मुलगी संघात नसली तरी वर्गाच्या सामन्यात खेळू द्यावं. पुढच्या वर्षीचा संघ तिथूनच निवडला जातो.