सीओईपी की व्हीजेटीआय?

सीईटीचा स्कोअर मस्त लागला की घरात पेढे येतात आणि पाठोपाठ एक प्रश्न येतो. पुणे की मुंबई? सीओईपी की व्हीजेटीआय? मावसभाऊ एक सांगतो, क्लासचे सर दुसरंच सांगतात आणि शेजारचे काका गेल्या वर्षीची कटऑफ यादी उघडून जाहीर करतात, 'हे वर बंद झालंय, म्हणजे हेच भारी!'

घोळ इथेच होतो. कटऑफ म्हणजे त्या जागेवर सगळ्यात शेवटी प्रवेश मिळालेल्या मुलाचा पर्सेंटाइल. गेल्या वर्षी मुलांनी फॉर्ममध्ये काय वर टाकलं, एवढंच त्यातून कळतं. कॉलेजात काय आणि कसं शिकवतात, ते त्यात कुठेच नसतं.

नावाच्या बाबतीत तर दोघांत डावं-उजवं करण्यात अर्थ नाही. सीओईपी १८५४ची, व्हीजेटीआय १८८७ची. सीओईपी २०२२मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झालं, तर व्हीजेटीआय स्वायत्त आहे. रेझ्युमेवर दोन्ही नावं चालतात. मग बघायचं काय?

पहिली गोष्ट, ब्रँच. धातूंची आवड असेल तर सीओईपीचं मेटलर्जी आणि कापड उद्योगात जायचं असेल तर व्हीजेटीआयचं टेक्स्टाइल, हे सोपं आहे. पण दोन्हीकडे मेकॅनिकल किंवा कॉम्प्युटरच मिळत असेल तर दोघांचे चार वर्षांचे सिलॅबस शेजारी ठेवा आणि शेवटच्या दोन वर्षांतले इलेक्टिव्ह वाचा. प्लेसमेंटमध्ये सगळ्यात मोठं पॅकेज बघू नका, ते एकाच मुलाचं असतं. तुमच्या ब्रँचचं मधलं पॅकेज विचारा.

दुसरी गोष्ट, रोजचं जगणं. डोंबिवलीच्या मुलीला माटुंग्याला जाऊन-येऊन दोन-अडीच तास लागतील, पण घरचा डबा मिळेल. लातूरच्या मुलाला दोन्हीकडे खोली शोधावी लागू शकते, कारण हॉस्टेलच्या जागा मोजक्याच असतात. मग मुंबईतलं भाडं घरी परवडेल का, हे आधीच मोकळेपणाने बोललेलं बरं. कॉलेज सुटल्यावर काय करणार, हेही महत्त्वाचं. सीओईपीचा बोट क्लब मुळेच्या पाण्यावर रेगाटा भरवतो. तिथल्या मुलांनी बनवलेला 'स्वयम्' उपग्रह २०१६मध्ये इस्रोच्या रॉकेटमधून अवकाशात गेला. व्हीजेटीआयमध्ये टेक्नोव्हान्झाची धामधूम असते आणि अख्खी मुंबई लोकलच्या अंतरावर असते. यातलं तुम्हाला काय हवंय?

आता सगळ्यात महत्त्वाचं. कॅप राउंडच्या फॉर्ममध्ये क्रम म्हणजेच निर्णय. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला, की ती जागा आपोआप फ्रीझ होते. 'आधी टाकून ठेवू, नंतर बघू' तिथे चालत नाही. उलट, अवघड वाटणारा पर्याय वर टाकल्याने खालचा हातचा जात नाही. वरचा नाही मिळाला, तर मेरिटप्रमाणे पुढचा तपासला जातो. त्यामुळे घाबरून आवडीचं खाली ढकलू नका.

फॉर्म लॉक करण्याआधी दोन्ही कॉलेजांतल्या, तुमच्याच ब्रँचच्या सेकंड इयरच्या एकेका सीनिअरला गाठा. 'कॉलेज कसंय?' असं नका विचारू. 'सकाळपासून रात्रीपर्यंत तुझा दिवस कसा जातो?' असं विचारा. ज्याचं उत्तर ऐकून आपणही असंच जगावं वाटेल, ते कॉलेज वर टाका. काकांना पेढा द्या, यादी मात्र स्वतः भरा.