पाच औंसांची गाडी

२०२४ सालच्या जानेवारी महिन्यात आमचे चिरंजीव, वय वर्षे नऊ, एके सायंकाळी कब स्काउट्सच्या सभेहून घरी परतले ते हातात एक लहानशी पेटी घेऊनच. जेवणाच्या टेबलावर त्यांनी ती पालथी केली, तेव्हा तीतून पाइनच्या लाकडाचा एक ठोकळा, प्लास्टिकची चार चाके आणि चार खिळे एवढाच ऐवज बाहेर पडला. सौभाग्यवतींनी विचारले, "आणि गाडी कुठे आहे?" चिरंजीवांनी ठोकळ्याकडे बोट दाखविले. "हीच. पण ती आधी करायची आहे."

ज्या वाचकांची मुले या देशातच लहानाची मोठी झाली, त्यांस हा ठोकळा परिचयाचा असेल. जी कुटुंबे अलीकडे आली आहेत, त्यांच्यासाठी थोडी हकीकत सांगणे आवश्यक आहे. या खेळास पाइनवुड डर्बी म्हणतात. कॅलिफोर्नियातील मॅनहॅटन बीच या गावी डॉन मर्फी नावाचे गृहस्थ राहत असत. मुलांनी स्वतः बसून उतारावरून हाकावयाच्या मोठ्या गाड्यांची शर्यत तेव्हा अमेरिकेत फार लोकप्रिय होती. परंतु मर्फींचा दहा वर्षांचा मुलगा तीत भाग घेण्यास वयाने लहान पडत होता. त्याची समजूत घालण्यासाठी त्यांनी हातात मावेल एवढ्या लाकडी गाडीची शर्यत योजिली, आणि १५ मे १९५३ रोजी त्यांच्या गावच्या कब स्काउट पथकात ती प्रथम पार पडली. पुढल्याच वर्षी 'बॉइज लाइफ' या मासिकाने तिची माहिती देशभर पोहोचविली. २०१८ पासून कब स्काउट्समध्ये मुलींनाही प्रवेश आहे, तेव्हा आता हा ठोकळा मुलींच्या घरीही येतो.

नियम थोडे, पण कडक. ठोकळा ७ इंच लांब असतो आणि तयार गाडीही त्याहून लांब असू नये. वजन ५ औंसांहून, म्हणजे सुमारे १४२ ग्रॅमांहून, अधिक भरता कामा नये. गाडीला इंजिन नाही, चावी नाही. उतरत्या लाकडी किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या मार्गावरून ती स्वतःच्या वजनाने धावते आणि अवघ्या तीनएक सेकंदांत सारा निकाल लागतो. त्या तीन सेकंदांसाठी आमच्या घरात सहा आठवडे जे घडले, ते सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच.

त्या हिवाळ्यात आमचे वडील ठाण्याहून आमच्याकडे न्यू जर्सीत आले होते. त्यांची उभी हयात माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये, सुतारकामात गेली. नातवाने त्यांच्यापुढे कागद ठेवला आणि विचारले, "आजोबा, यातून लोकल करता येईल का?" मागील भारतभेटीत त्याने ठाणे ते मुंबई प्रवास खिडकीशी उभे राहून केला होता आणि तेव्हापासून लोकलगाडीचे वेड त्याच्या डोक्यातून गेले नव्हते. आजोबांनी सुताराची पेन्सिल कानामागून काढली आणि दोघांनी मिळून एक डबा रेखाटला. पुढून चौकोनी, मागून चौकोनी, दोन्ही तोंडे एकसारखी.

आम्हांस ही कल्पना रुचली नाही. आम्ही कचेरीत बसून या विषयावर पुष्कळ वाचन केले होते. वेगवान गाड्यांची चित्रे पाहिली तर त्या पाचरीसारख्या, पुढे निमुळत्या होत गेलेल्या दिसत. चौकोनी डबा वाऱ्याला छातीने ढकलीत जाणार, हे आम्ही चिरंजीवांस उदाहरणांसह समजाविले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि ते पुन्हा खिडक्या काढू लागले.

दोन आठवडे आजोबा-नातवाचे काम तळघरात चालले. मुलाने स्वतः करवत चालविली. डब्याचे एक टोक थोडे तिरपे कापले गेले. काचपेपरने घासूनही ते सरळ होईना. एका रात्री सर्वजण निजल्यावर आम्ही ते टोक सरळ करावे म्हणून खाली गेलो. हेतू एवढाच होता. परंतु एक बाजू सरळ केली की दुसरी उंच वाटे, ती उतरविली की पहिली. शेवटी हातात कानस आहेच, तर नाकाडे थोडे निमुळते करण्यास काय हरकत, असा विचार मनात आला. रात्रीच्या एक वाजता आमच्यापुढे एक अत्यंत सुबक पाचर उभी होती. आम्ही समाधानाने झोपी गेलो.

सकाळी मुलगा खाली गेला आणि पाच मिनिटांनी वर आला. तो रडला नाही, ओरडला नाही. गाडी त्याने आमच्या चहाच्या कपाशेजारी ठेवली आणि म्हणाला, "पपा, ही तुमची आहे." मग दप्तर उचलून तो शाळेच्या बसकडे निघून गेला.

आम्ही वडिलांकडे पाहिले. आमच्या बाजूने ते दोन शब्द बोलतील अशी आशा होती. वडिलांनी गाडी हातात घेतली, अंगठ्याने कडा चाचपली आणि म्हणाले, "काम चांगले केले आहेस. तुला लहानपणी शिकवायला हवे होते, ते मी केले नाही." नंतर काही वेळाने त्यांनी आपल्या उमेदवारीची गोष्ट सांगितली. त्यांच्या मिस्त्रीने त्यांच्या हातातून रंधा एकदाही हिसकावून घेतला नव्हता. फळी बिघडली की मिस्त्री ती बाजूला ठेवावयास सांगे आणि दुसरी देई. संध्याकाळी बिघडलेल्या फळ्या मोजावयास लावी. त्यापलीकडे शब्द बोलत नसे. "तालमूदात बापाची कर्तव्ये सांगितली आहेत," वडील म्हणाले, "मुलाला तोरा शिकवावी, धंदा शिकवावा. काहींनी पोहणेही सांगितले आहे. शिकवावा असे म्हटले आहे, करून द्यावा असे नव्हे."

त्याच संध्याकाळी आम्ही दुसरा ठोकळा विकत आणला व मुलापुढे ठेवला. क्षमा मागणे आपल्या पिढीच्या बापांना जड जाते; आम्हांसही गेले. पण मागितली. मुलाने अट घातली. आम्ही तळघरात यावयाचे, पण हात खिशात ठेवावयाचे.

हात खिशात ठेवून आम्ही जे पाहिले, त्यातून आमचे पुष्कळ अज्ञान दूर झाले, आणि ज्या पालकांवर हा प्रसंग पुढे येणार आहे त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून ते येथे नमूद करतो. एवढ्या लहान गाडीत वाऱ्याचा अडथळा असतो हे खरे. तथापि खरा शत्रू म्हणजे चाक आणि खिळा यांमधील घर्षण. खिळ्याच्या डोक्याखाली साच्याची बारीक कंगोरी राहिलेली असते. ती कानशीने काढून, खिळा ड्रिलमध्ये धरून फिरता ठेवावा व बारीक एमरी पेपरने घासावा, म्हणजे तो आरशासारखा होतो. चारही खिळे मुलाने घासले. ड्रिल आजोबांनी धरले. चाक बसविताना चाक आणि लाकूड यांत पत्त्याच्या जाडीएवढी फट ठेवावी. मग गाडी सपाट जमिनीवर हलकेच सोडून पाहावी. ती एका बाजूस वळू लागली तर खिळा किंचित फिरवून सरळ करावी. मार्गाच्या कडेला गाडी घासली की तिचा वेग तेथेच संपतो.

दुसरे वजनाचे. वजन मर्यादेपर्यंत पुरते भरावे आणि ते मागच्या चाकांजवळ असावे. कारण गाडी उतारावर उभी असताना मागचा भाग अधिक उंचीवर असतो, आणि जितके वजन उंचावरून खाली येईल तितका जोर मिळेल. चौकोनी डब्यात लाकूड फार राहते. म्हणून आजोबांनी युक्ती सुचविली आणि मुलाने डब्याचे पोट पुढच्या अर्ध्या भागात खालून पोखरले. मागे त्याने पाच सेंटांची नाणी चिकटविली. एक नाणे बरोबर ५ ग्रॅमांचे, तेव्हा हिशेब त्याला तोंडी करता आला. पूर्वी यासाठी शिसे वापरीत. ते विषारी असल्याने मुलांच्या हाती देऊ नये.

वंगणाच्या वेळी मात्र आजोबा चकित झाले. नियमाप्रमाणे तेल वर्ज्य. फक्त ग्रॅफाइटची कोरडी पूड चालते. आपले पूर्वज कोकणात, पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यात, घाण्यावर तेल गाळीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांस शनवार तेली म्हणत, हे वाचकांस विदित आहेच. "तेल्याच्या घरची गाडी," आजोबा म्हणाले, "आणि तेलाचा थेंब नाही!" नातवाने शनवार तेली हा शब्द तेव्हा प्रथम ऐकला. तो लवकरच पुन्हा निघणार होता.

कारण शर्यतीची तारीख कळली, ती फेब्रुवारीच्या अखेरच्या शनिवारची, सकाळी दहाची. शाळेची व्यायामशाळा त्या दिवशीच मोकळी होती. पथकाचे प्रमुख सज्जन गृहस्थ. आम्ही अडचण सांगताच त्यांनीच सुचविले, की गाड्यांची तपासणी गुरुवारी संध्याकाळी होऊन त्या तेथेच ठेवल्या जातात. शनिवारी दुसरा एखादा मुलगा तुमच्या मुलाची गाडी मार्गावर लावील. असे करणे योग्य की अयोग्य, याविषयी आपल्या मंडळींत मतभेद असू शकतील. आम्ही एवढेच ठरविले, की आम्ही शब्बाथच्या सकाळी जेथे नेहमी असतो तेथेच असू.

मुलाला हे सांगणे सोपे नव्हते. तो म्हणाला, "फक्त एकच शनिवार. एकदाच." आम्ही त्याला पुन्हा शनवार तेल्यांची गोष्ट सांगितली, की गावात उत्पन्नाचे दुसरे साधन नसतानाही आपल्या लोकांनी तो दिवस पाळला. त्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "पण त्यांची शर्यत नव्हती ना." आमच्याजवळ यास उत्तर नव्हते. उत्तर दिले ते आजोबांनी. "शर्यत नव्हती, बाळा. बाजार होता. शेजारच्या तेल्याचा घाणा चालू आणि आपला बंद. गिऱ्हाईक दारावरून पुढे जाताना दिसायचे."

मुलगा त्या रात्री काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी त्याने विचारले, "मग माझी गाडी लावणार कोण?"

पिवळ्या-तपकिरी रंगात लोकल तयार झाली. खिडक्या वेड्यावाकड्या होत्या आणि एका दारातून दुसऱ्या दारापर्यंत रंगाचा ओघळ आला होता. आमचे हात खिशातच राहिले. दोन्ही तोंडे सारखी असल्याने गाडी उलटी लागू नये म्हणून मुलाने तळाशी, आजोबांकडून गिरवून घेतलेल्या अक्षरांत, 'पुढे' असे लिहिले. गुरुवारी काट्यावर गाडी किंचित जड भरली. मुलाने स्क्रूड्रायव्हर मागून घेतला, एक नाणे उचकटले आणि गाडी जमा केली.

शनिवारी प्रार्थनेत त्याचे लक्ष किती होते हे आम्ही सांगू इच्छीत नाही. तो घड्याळाकडे पाहत होता, आणि खरे सांगावयाचे तर आम्हीही. हव्दाला झाल्यावर दाराची घंटा वाजली. त्याचा शाळासोबती आपल्या वडिलांसह गाडी घेऊन आला होता. अठ्ठावीस गाड्यांत आपली तेरावी. मग तो चाचरत म्हणाला, "पहिल्या फेरीत ती शेवटची आली. मी ती उलटी लावली होती. खाली काहीतरी लिहिलेले होते, पण मला वाचता आले नाही."

क्षणभर सर्व स्तब्ध झाले. प्रथम आजोबा हसले, मग मुलगा, आणि मग तो मित्रही. मुलाने त्याला तेथेच बसवून 'पुढे' हा शब्द वाचावयास शिकविला. दोघे उशिरापर्यंत ती लोकल फळीच्या उतारावरून सोडीत बसले होते. सुलटी सोडली की ती खरोखरच चांगली धावत होती.

ती लोकल आता मुलाच्या पलंगाजवळ असते. आमची पाचर पुस्तकांच्या फडताळात आहे. ती सुबक आहे, आणि ती कोणत्याही शर्यतीत धावलेली नाही.

२०२५ च्या जानेवारीत पुन्हा एक ठोकळा घरी आला. आजोबा तोवर ठाण्यास परतले होते. त्यांना दूरध्वनी केला तेव्हा गाडीचा आकार कोणता, वजन किती, यांपैकी काहीही त्यांनी विचारले नाही. "करवत कोणाच्या हातात आहे?" एवढेच विचारले. तळघरातून आवाज येत होता. आम्ही फोन तिकडे धरला.