तरंगलांबीने आखलेली दुर्बीण

नारायणगावहून खोडदच्या रस्त्याला लागलं, की द्राक्षबागा आणि टोमॅटोच्या शेतांपलीकडे एकेक अँटेना डोकं वर काढू लागते. ही जीएमआरटी, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना मिळून ही एकच दुर्बीण होते. चौदा अँटेना खोडदजवळ साधारण एक चौरस किलोमीटरच्या आवारात आहेत. उरलेल्या सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर, आसपासच्या गावांच्या शिवारात उभ्या आहेत. टोकाच्या दोन अँटेनांमधलं अंतर सुमारे 25 किलोमीटर भरतं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं पुण्यातलं राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र ही दुर्बीण चालवतं.

जवळ गेल्यावर नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. एवढ्या अवाढव्य अँटेनाच्या आरपार ढग दिसतात. पत्रा कुठेच नाही. अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड अशा स्टेनलेस स्टीलच्या तारेची जाळी ताणून बसवलेली आहे. मध्याकडे तिची भोकं 10 मिलिमीटरची, कडेला 20 मिलिमीटरची. चिमणी अडकेल, पाऊस मात्र थेट खाली येईल. मग आकाशातून येणारी रेडिओलहर या भोकांतून निसटत कशी नाही?

तरंगांचा सगळा स्वभाव या एका प्रश्नात येतो. लागोपाठच्या दोन शृंगांमधलं अंतर म्हणजे तरंगलांबी. तिच्यापेक्षा बरीच लहान फट असलेला धातूचा पृष्ठभाग लाटेच्या दृष्टीने सलगच असतो. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या दाराच्या जाळीतून आतलं अन्न दिसतं, पण त्यातली 12 सेंटिमीटरची लहर बाहेर येत नाही, तेच इथे घडतं. प्रकाशाच्या सुमारे दोन हजार लाटा एका मिलिमीटरात मावतात, म्हणून तो खोडदच्या जाळीतून सहज पार होतो. 21 सेंटिमीटरची रेडिओलहर जाळीवर आपटून परत फिरते आणि वरच्या केंद्रबिंदूशी बसवलेल्या ग्राहकात गोळा होते.

भोकं कडेला मोठी ठेवली त्यालाही हिशेब आहे. वारा जाळीतून निघून गेला की सांगाडा हलका बांधता येतो, आणि सांगाडा हलका झाला की खर्च उतरतो. पृष्ठभागही आरशासारखा घासूनपुसून घ्यावा लागत नाही. तरंगलांबीच्या लहानशा अंशाइतकी चूक लाट खपवून घेते, म्हणून ताणलेल्या तारदोरांवर छोटे सपाट तुकडे बसवून गोलाई साधली आहे. ही कल्पना रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप (1929–2020) यांची. त्यांनी 1965 साली कल्याणला, ऑस्ट्रेलियाहून आलेल्या सहा फुटी 32 अँटेनांची दुर्बीण उभी केली. पुढे 1970 मध्ये उटीजवळच्या डोंगरउतारावर 530 मीटर लांब आणि 30 मीटर रुंद दुर्बीण साकारली. तो उतार तिथल्या अक्षांशाइतकाच, 11 अंशांचा निवडला होता, त्यामुळे दुर्बिणीचा आस पृथ्वीच्या आसाला आपोआप समांतर झाला. पैसा कमी असताना निसर्गाचा नियम आपल्या बाजूने राबवून घेण्याची ही बुद्धी मला भारतीय विज्ञानातली फार मोलाची गोष्ट वाटते.

शाळेत आपण तरंगांचे प्रकार पाठ करतो. ध्वनी हा अनुतरंग. हवेचे कण लाटेच्या दिशेतच पुढेमागे हलतात, आणि हवा नसेल तर ध्वनीही नाही. रेडिओलहर ही प्रकाशासारखीच विद्युतचुंबकीय आणि अवतरंग. तिच्यातलं विद्युत क्षेत्र प्रवासाच्या दिशेला काटकोनात डोलतं, आणि तिला माध्यम लागत नाही. म्हणूनच ताऱ्यांमधली पोकळी ओलांडून ती खोडदला पोहोचते. आडवं डोलण्याच्या दिशा अनेक असू शकतात. ध्रुवण म्हणतात ते हेच, आणि ध्वनीला ते शक्यच नसतं. खोडदची प्रत्येक अँटेना दोन ध्रुवणं वेगवेगळी टिपते. त्यांतल्या फरकावरून दूरच्या दीर्घिकांमधल्या चुंबकीय क्षेत्राचा अंदाज बांधता येतो.

निर्वातात सगळ्या विद्युतचुंबकीय लहरींचा वेग एकच, सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर. त्यामुळे वारंवारता कळली की तरंगलांबी कळते: 1420 मेगाहर्ट्झला 21 सेंटिमीटर, 150 मेगाहर्ट्झला 2 मीटर. लांब लाटांची एक अडचण अशी, की उघडीतून जाताना त्या फाकतात. 21 सेंटिमीटरला 45 मीटरची एकटी अँटेना जवळपास चंद्राएवढा आकाशाचा तुकडा एकच ठिपका म्हणून पाहते. 2 मीटरला तर तो ठिपका चंद्राच्या कितीतरी पट होतो. बारकावे दिसायला किलोमीटरगणती व्यासाची अँटेना हवी, आणि तशी बांधणं कुणालाच शक्य नाही.

इथे मदतीला येतं व्यतिकरण. दोन लाटा एकत्र आल्या, की शृंगावर शृंग पडेल तिथे जोर वाढतो, शृंगावर गर्त पडेल तिथे दोन्ही विरतात. तीस अँटेनांच्या 435 जोड्या होतात. प्रत्येक जोडीतले संकेत ऑप्टिकल फायबरने एका ठिकाणी आणून एकमेकांशी ताडून पाहतात. एकच तरंगाग्र सगळ्या अँटेनांवर एकदम येत नाही. 25 किलोमीटरच्या फरकाने ते जास्तीत जास्त 83 मायक्रोसेकंद उशिरा पोहोचू शकतं, आणि तेवढा उशीर हिशेबात धरावा लागतो. एका नॅनोसेकंदात लहर 30 सेंटिमीटर जाते. म्हणजे एका नॅनोसेकंदाची चूक झाली, तर 21 सेंटिमीटरची आख्खी लाट हुकली! दुर्बीण रोखलेली असताना पृथ्वी फिरत राहते, जोड्यांच्या दिशा बदलत राहतात आणि चित्र भरत जातं. ही पद्धत विकसित करणाऱ्या मार्टिन राइल यांना 1974 चं नोबेल मिळालं. तिच्या जोरावर खोडदला चंद्राच्या व्यासाच्या नऊशेव्या भागाएवढा बारकावा दिसतो.

लाटेची वारंवारता वाटेत बदललेली दिसली, तर ती उगमाच्या हालचालीची बातमी देते. 19 ऑक्टोबर 2016 रोजी युरोपचं शियापारेली यान मंगळावर उतरत होतं. त्याचा 401 मेगाहर्ट्झचा क्षीण संकेत सतरा कोटी किलोमीटरांहून दूर असलेल्या खोडदने पकडला. वारंवारता ज्या तऱ्हेने सरकत गेली, त्यावरून यानाचा वेग कमी होत असल्याचं, पॅराशूट उघडल्याचं समजलं. ठरलेल्या वेळेच्या थोडं आधी संकेत थांबला, आणि यान कोसळल्याचं नंतर स्पष्ट झालं.

विश्वाच्या प्रसरणाने तर लाटच ताणली जाते. 2023 च्या जानेवारीत एका दीर्घिकेतल्या हायड्रोजनची लहर जीएमआरटीने टिपल्याचं जाहीर झालं. निघताना ती 21 सेंटिमीटरची होती, पोहोचली तेव्हा 48 सेंटिमीटरची. प्रवास 880 कोटी वर्षांचा. वाटेतल्या दुसऱ्या दीर्घिकेच्या गुरुत्वाने तिचा मार्ग वाकवून संकेत सुमारे तीसपट मोठा केला, म्हणून तो हाती लागला. दुर्बिणीची सुधारित आवृत्तीही कामी आली. पूर्वी एका वेळी 32 मेगाहर्ट्झची अरुंद फीत पाहता येई, आता 400 मेगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा पाहता येतो.

धोका आहे तो याच ताणलेल्या लाटांना. 1400 ते 1427 मेगाहर्ट्झ हा हायड्रोजनचा पट्टा आंतरराष्ट्रीय नियमाने राखीव आहे, तिथे कुणी प्रक्षेपण करायचं नाही. पण लहर ताणली गेली, की ती या कुंपणाबाहेर पडते. साडेपाच-सहा अब्ज वर्षांपूर्वी निघालेली हायड्रोजनची लहर आज 900 मेगाहर्ट्झच्या आसपास पोहोचते, आणि नेमका तोच पट्टा मोबाइलच्या मनोऱ्यांचा. ही जागा निवडली तेव्हा भोवतीच्या डोंगरांची आड आणि रेडिओ-शांतता या दोन्ही गोष्टी पाहिल्या होत्या. डोंगर आहेत तिथेच आहेत, शांतता मात्र विरळ होत चालली आहे. पुणे-नाशिक वेगवान रेल्वेच्या नियोजित मार्गावर जीएमआरटीकडून आक्षेप आला तोही याच कारणाने. तो अडवणुकीचा हट्ट होता, असं ज्यांना वाटतं त्यांनी 28 फेब्रुवारीला विज्ञान दिनी खोडदला जावं. त्या दिवशी तिथे शाळकरी मुलांची गर्दी असते आणि विचारलेल्या प्रश्नाला तिथली शास्त्रज्ञ मंडळी मराठीत उत्तर देतात.